गॅस आला, तरी वखार चालते कशी?

लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला पाहुणा विचारतो, "काय करता?" मी सांगतो, "जळाऊ लाकडाची वखार आहे, अमळनेर तालुक्यात." मग दुसरा प्रश्न ठरलेला: "आता घरोघरी गॅस आला. सरपण घेतं कोण? चालते कशी तुमची वखार?" वरणावर तूप वाढून होईपर्यंत याचं उत्तर देता येत नाही, म्हणून मी "चालतं आपलं" एवढंच म्हणतो. पण मागच्या महिन्यात भाचीच्या साखरपुड्यात तिच्या होणाऱ्या सासऱ्यांनी हेच फार आपुलकीने विचारलं आणि पूर्ण उत्तर ऐकायचंय म्हणाले. त्यांना तेव्हा जे अर्धवट सांगितलं, ते इथे नीट सांगतो.

गॅसमुळे आमचं गिऱ्हाईक गेलं, हे खरंच आहे. आप्पांच्या काळात, म्हणजे माझ्या वडिलांच्या, रोज सकाळी वखारीच्या दाराशी बाया उभ्या असत. पाच किलो, दहा किलो, कुणी पदरात चिल्लर बांधून आणलेली. मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली आणि पुढच्या तीन-चार वर्षांत ही किरकोळ विक्री जवळजवळ थांबली. मला याचं दुःख नाही. माझी आई चाळीस वर्षं चुलीपुढे बसली. तिचा खोकला आणि पाणावलेले डोळे आम्ही भावंडांनी पाहिले आहेत. वखारवाल्याच्या घरात लाकडाला तोटा नव्हता, म्हणून आमच्याकडे गॅस उशिरा आला, ही गोष्ट मला आजही लागते.

शिवाय हिशेबही सांगतो. चांगलं वाळलेलं लाकूड किलोला साधारण साडेतीन हजार किलोकॅलरी उष्णता देतं, स्वयंपाकाचा गॅस अकरा हजारांच्या आसपास. कागदावर तीन किलो लाकूड म्हणजे एक किलो गॅस. पण उघड्या तीन दगडांच्या चुलीत दहा-पंधरा टक्केच आच भांड्याला लागते, बाकीची भिंतींना आणि बाईच्या तोंडाला. गॅसच्या शेगडीवर निम्म्याहून जास्त कामाला येते. म्हणजे १४.२ किलोच्या एका सिलिंडरचं काम करायला साध्या चुलीत दोन क्विंटलच्या आसपास लाकूड जाळावं लागतं. लाकूड विकत घेऊन रोजची पोळी-भाजी करणं कुणालाच परवडत नाही. कुणी नवीन माणूस त्यासाठी आला, तर मी त्याला हा हिशेब समजावून परत पाठवतो.

मग घेतं कोण? हजार माणसांचं जेवण रांधणारा आचारी घेतो. गावाकडच्या लग्नात अजून लांब चर खणतात आणि त्यावर वांग्याच्या भाजीची आणि वरणाची मोठी पातेली चढतात. त्या आचाऱ्याला चार तास एकसारखी आच हवी असते. बेकरीची भट्टी घेते. आखाजी, म्हणजे आमच्या खानदेशातली अक्षय्य तृतीया, आली की मांडे करणाऱ्या बाया घेतात. सासुरवाशिणी माहेरी आलेल्या, झाडांना झोके बांधलेले, घरात आमरसाची तयारी, आणि अंगणात खापर पालथं घालून त्याखाली जाळ. मांडा हातावर फिरवून परातीएवढा होतो आणि खापरावर पडतो, तेव्हा खापर सगळीकडून सारखं तापलेलं लागतं. एका बाजूला जाळ कमी पडला की मांडा तिकडे कच्चा आणि दुसऱ्या बाजूला करपलेला. म्हणून मांड्यांसाठी मी बाभळीच्या, मनगटापेक्षा बारीक फोडी वेगळ्या काढून ठेवतो. या बायांइतकं चोखंदळ गिऱ्हाईक दुसरं नाही. त्या दोन फोडी उचलून एकमेकींवर आपटतात. टणटणीत आवाज आला तर वाळलेली; ठप्प वाजलं की खाली ठेवून देतात, बोलतही नाहीत.

थंडीत भरिताच्या पार्ट्या असतात, पण त्याला लाकूड लागत नाही. बामणोदकडची पांढरट हिरवी मोठी वांगी कपाशीच्या पऱ्हाट्यांवर, म्हणजे वाळलेल्या काड्यांवर, नाहीतर तुरीच्या तुराट्यांवर भाजायची. त्यांचा जाळ भडकन उठतो, वांग्याला चहूबाजूंनी कवेत घेतो आणि साल काळी होईपर्यंत संपतोही. बाभळीच्या निखाऱ्यावर वांगं शिजतं छान, पण ती धुराची चव येत नाही. पऱ्हाट्या शेतकऱ्याच्या घरच्याच असतात. शहरातली मंडळी माझ्याकडून नेतात.

आणि मयतीला लाकडं लागतात. वर्षभराचा हिशेब मांडला तर माझ्याकडचं सर्वांत जास्त लाकूड स्मशानात जातं. एका सरणाला तीन ते चार क्विंटल, पावसाळ्यात त्याहून जास्त.

ही सगळी गिऱ्हाइकं वेगवेगळी असली तरी माझ्याकडून एकच गोष्ट विकत घेतात, ती म्हणजे लाकडाचं वाळलेपण. लाकूड बांधावर, नाल्यात, शेतात कुणालाही मिळेल. ते फोडून, उन्हात ठेवून, राखून, पाहिजे त्या दिवशी वाळलेलं देणं, एवढाच आमचा धंदा. वजनावर चालणाऱ्या धंद्यात ही गोष्ट अवघड का आहे, ते सांगतो.

नुकत्याच तोडलेल्या बाभळीच्या वजनात निम्म्याच्या जवळपास पाणी असतं. ते सगळं उन्हात जात नाही; माझ्या काट्यावर शंभर किलो ओलं लाकूड वाळून पासष्ट किलोच्या आसपास भरतं. समजा मी चार रुपये किलोने घेतलं, तर चारशे रुपयांचं लाकूड वाळल्यावर जवळपास सव्वासहा रुपये किलोला पडलं. त्यावर फोडणाऱ्यांची मजुरी, ट्रॉलीचं भाडं, आणि दोन-तीन महिने अडकलेला पैसा. हेच लाकूड आठवड्याभरात अर्धओलं विकलं तर गिऱ्हाइकाला मी चक्क पाणी विकलेलं असतं, आणि ते पाणी उडवायला त्याच्याच लाकडाची आच खर्ची पडते. काट्यावर यातलं काहीच दिसत नाही. काटा दोघांनाही सारखंच वजन सांगतो.

वाळवण्याचं काम बाहेरून पाहणाऱ्याला पडून राहिल्यासारखं दिसतं. सालीसकट अख्खा ओंडका वर्षभर पडला तरी आतून ओलाच राहतो, कारण लाकडातलं पाणी सालीतून फारसं निघत नाही. ते कापलेल्या तोंडातून आणि फोडलेल्या अंगातून निघतं. म्हणून आधी करवतीने दोन-दोन फुटांचे तुकडे, मग पाचर आणि घण. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसवर जातो. लोक त्या उन्हाला शिव्या देतात. आमची वर्षाची कमाई त्या दोन महिन्यांत तयार होते. थप्पी लावताना खाली दगड ठेवायचे, म्हणजे हवा खेळते आणि उदई (वाळवी) चढत नाही. फोडींची तोंडं पश्चिमेकडे, कारण उन्हाळ्यातला वारा तिकडून येतो. महिन्याभराने तोंडावर मधून बाहेर जाणाऱ्या चिरा पडतात, साल नखाने सुटते, रंग विटतो. सुबाभूळ लवकर वाळते आणि लवकर जळून जाते. कडुनिंब चालतं, पण धूर फार. बाभूळ सगळ्यांत सावकाश वाळते आणि निखारा सगळ्यांत जास्त वेळ धरते. वेडी बाभूळ जळायला जोरदार, पण काट्यांनी फोडणाऱ्यांचे हात फाटतात, म्हणून तिची मजुरी जास्त द्यावी लागते आणि द्यायलाच हवी.

हे मी शिकलो ते एका चुकीतून. तेवीस वर्षांचा होतो. आषाढ होता आणि आप्पा पंढरपूरला गेले होते. चार दिवस झड लागलेली. रात्री नऊच्या सुमाराला शेजारच्या गावातून दोघं ट्रॅक्टर घेऊन आले. त्यांचे वडील गेले होते. वाळलेली थप्पी मी आदल्याच आठवड्यात एका मोठ्या जेवणावळीला देऊन टाकली होती. उरलं होतं ते तीन आठवड्यांपूर्वी फोडलेलं कडुनिंब, ताडपत्रीखाली दमट झालेलं. धाकट्याने ट्रॉलीवर चढता चढता विचारलं, "भाऊ, लाकडं वाळेल शेतस ना?" म्हणजे वाळलेली आहेत ना. मी हो म्हणालो.

सकाळी पाऊस थांबला होता. माझं मन राहिलं नाही म्हणून मी छपरातल्या थोड्या कोरड्या फोडी घेऊन स्मशानात गेलो. सरण पेटवलेलं होतं, पण जाळ वर येत नव्हता. प्रत्येक फोडीच्या तोंडातून पांढरा फेस येत होता, सूं सूं असा बारीक आवाज येत होता आणि धूर जमिनीलगत पसरत होता. कुणी रॉकेल आणलं, कुणी टायर. मोठा मुलगा डोळे पुसत होता ते धुराने की कशाने, मला कळत नव्हतं. लोक एकेक करत निघून गेले, ते दोघे भाऊ दुपार टळेपर्यंत बांबूने लाकडं हलवत उभे होते. मीही उभा राहिलो. मला कुणी काही बोललं नाही.

आप्पा परत आले तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. पैसे घेऊन त्या घरी गेले. त्या लोकांनी पैसे घेतले नाहीत, तरी आप्पा दहाव्यापर्यंत रोज संध्याकाळी जाऊन त्यांच्या ओट्यावर बसत. दसऱ्याला त्यांनी वखारीच्या मागच्या अंगाला पत्र्याचं छप्पर टाकलं, तीन बाजू मोकळ्या, आणि त्याखाली उन्हाळ्यातलं वाळलेलं बाभळीचं लाकूड रचलं. मला म्हणाले, "ही थप्पी लग्नाला मोडायची नाही." ती आमच्याकडची मयतीची थप्पी. आप्पा गेले तेव्हा त्यांचंही सरण त्यातूनच रचलं. २०२१ च्या एप्रिलमध्ये ती थप्पी पहिल्यांदा पूर्ण रिकामी झाली. जमिनीवरचे दगड उघडे पडलेले मी त्याच वर्षी पाहिले. त्या दिवसांत भाव वाढवायला सांगणारेही भेटले. आम्ही वाढवला नाही. मयतीच्या गिऱ्हाइकाला भाव आधी सांगायचा नाही आणि पैसे तेराव्याच्या आधी मागायचे नाहीत, ही आप्पांची रीत आहे आणि या रीतीत आमचे पैसे बुडाल्याचं फारसं आठवत नाही.

आता दुसरा प्रश्न, जो लोक जरा दबकत विचारतात: "म्हणजे झाडं तोडता ना?" हो, तोडलेल्या झाडांवरच आमचं पोट आहे. म्हणून कुठलं झाड, कुठून, हे मला माहीत असलंच पाहिजे. महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे; साग, खैर, आंबा, चिंच, मोह, जांभूळ अशी यादीतली झाडं स्वतःच्या बांधावरची असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. शेतकरी पुष्कळदा म्हणतो, "माझंच झाड, मला कोण विचारणार?" मी त्याला आधी कागद काढायला पाठवतो. यात सौदे हातातून जातात. बांधावरची बाभूळ, नाल्यातली वेडी बाभूळ, सुबाभूळ, वळवाच्या वादळात पडलेली झाडं, सॉ मिलमधले उरलेले तुकडे, एवढ्यात माझं भागतं. सातपुड्यातून रात्री उतरलेला माल मी घेत नाही. अंजनाचं लाकूड लोखंडासारखं जड आणि आच फार चांगली, पण ते झाड डोंगराच्या खडकाळ उतारावर वाढायला किती वर्षं घेतं हे पाहिलेला माणूस ते चुलीत घालू शकत नाही. चोपडा-यावलकडच्या बाजारात डोक्यावर मोळी घेऊन येणाऱ्या पावरा आणि तडवी बायांना मात्र कुणी माझ्यासमोर नावं ठेवली तर मला सहन होत नाही. वाळक्या काटक्या वेचून दहा-बारा किलोमीटर चालत येणारी बाई जंगल संपवत नाही.

पऱ्हाट्यांबद्दल एक सांगायचं राहिलं. कपाशी काढून झाल्यावर पऱ्हाट्या शेतात तशाच उभ्या ठेवल्या की गुलाबी बोंडअळी त्यात तग धरते, म्हणून कृषी खातं त्या लवकर उपटायला सांगतं. पुष्कळ जण बांधावर पेटवून देतात. आता त्यांचा भुगा दाबून कांड्या करणारे कारखाने निघाले आहेत, लोक त्याला पांढरा कोळसा म्हणतात. बिनागोंदाच्या असतात, दाब आणि उष्णतेने लाकडातलाच चिकट भाग धरून ठेवतो. मी दोन वर्षांपासून या कांड्या ठेवतो. बेकरीवाल्यांना आवडतात, कारण आकार सारखा आणि भट्टीचा अंदाज चुकत नाही. पाण्याचा थेंब लागला की मात्र फुगून भुसा होतो. आचाऱ्यांचा अजून त्यांच्यावर विश्वास नाही. मला वाटतं, पुढच्या काळात वखारीला हेच तारेल, कारण यात झाड तोडावं लागत नाही आणि शेतकऱ्याला बांधावर पेटवायच्या वस्तूचे पैसे मिळतात.

गॅसची शवदाहिनी आपल्या भागात गावोगाव झाली तर काय करणार, असंही भाचीच्या सासऱ्यांनी विचारलं होतं. झाली तर बरंच होईल. होईपर्यंत आषाढातल्या रात्री ट्रॅक्टर घेऊन कुणीतरी येणारच आहे.

यंदा मागची थप्पी छपराच्या पत्र्याला टेकली आहे. दोन ट्रॉल्या बाभूळ अजून उघड्यावर आहे, तिच्या तोंडांना चिरा पडल्यात पण मधला गाभा हाताला गार लागतो. तिला आठ दिवसांचं ऊन हवंय, आणि मृग लागायला बारा दिवस उरलेत.