सिग्नलला गरम, हायवेला गार

परवा नागपूरहून मावसभावाचा फोन. "दादा, एसी सिग्नलला गरम हवा फेकतो आणि वर्धा रोडला लागलं की मस्त गार होतो. गॅस भरून घेऊ का?"

"गॅसला हातसुद्धा लावू नकोस," मी जवळजवळ ओरडलोच. कारण याच प्रश्नापायी गेल्या वर्षी मी जूनच्या उन्हाळ्यात, शारजाच्या रस्त्यावर, गाडीचा हीटर फुल लावून बसलो होतो.

आमचं घर शारजात, ऑफिस दुबईत. इथल्या हजारो लोकांचं असंच असतं, भाड्याच्या फरकामुळे. त्याची किंमत रोज संध्याकाळी अल इत्तिहाद रोडवर मोजायची. अंतर काही फार नाही, पण रांग मुंगीच्या चालीने सरकते आणि उन्हाळ्यात बाहेर पारा चाळीसच्या आसपास. समुद्र जवळ, त्यामुळे वर दमटपणा. अशा वेळी एसी ही चैन राहत नाही.

माझी अकरा वर्षांची म्हातारी सेडान त्या रांगेत हळूहळू गरम फुंकायला लागली. रांग सुटून गाडी ऐंशीला गेली की पुन्हा गार. बिल्डिंगखालच्या गॅरेजवाल्याने बॉनेट न उघडताच निकाल दिला, "गॅस कम है." भरला, पैसे घेतले. दोन दिवस माझ्या मनाचं समाधान झालं, तिसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा वाईट. एसीचा गॅस म्हणजे काही पेट्रोल नव्हे की वापरला आणि संपला. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळतोय, आणि गळत नसताना वरून भरला तर नळ्यांतलं प्रेशर उगाच चढतं. हे ज्ञान अर्थातच नंतरचं.

मग ती संध्याकाळ. एसी तर गरम होताच, पण टेंपरेचरचा काटा, जो एरवी मधोमध झोपलेला असतो, तो उठून लाल पट्टीकडे निघाला. एसी बंद केला, चारही काचा खाली घेतल्या आणि छातीवर दगड ठेवून हीटर फुल लावला. हीटर म्हणजे डॅशबोर्डमागचा एक छोटा रेडिएटरच. इंजिनची उष्णता तो आपल्या अंगावर ओततो, पण तेवढी इंजिनातून कमी होते. शेजारच्या गाडीतला माणूस माझ्याकडे ज्या नजरेने बघत होता, ती मी विसरणार नाही. काटा थोडा थबकला, तेवढ्यात कडेला जागा मिळाली. इंजिन बंद करून रिकव्हरी बोलावली. इथे टोइंगच्या गाडीला सगळे रिकव्हरीच म्हणतात. रेडिएटरचं झाकण मात्र उघडलं नाही. गरम असताना ते उघडलं तर आतलं प्रेशरखालचं उकळतं पाणी थेट तोंडावर येतं.

सकाळी गाडी सनैयात, म्हणजे इंडस्ट्रियल एरियात. उस्ताद पेशावरचे, साठीचे. आधी मला चहा दिला, मग बॉनेट उघडलं, गाडी चालू करून एसी लावायला सांगितला. पुढे उभे राहून नुसते बघत राहिले. बहुतेक गाड्यांत एसी लावला की थोड्याच वेळात पुढचा पंखा फिरायला हवा. फिरला नाही. उस्तादांनी पान्याच्या दांड्याने पंख्याच्या मोटरवर टक्‌टक्‌ केलं. पंखा दचकून जागा झाल्यासारखा फिरायला लागला, आणि अर्ध्या मिनिटात पुन्हा थांबला.

"कार्बन खतम," ते म्हणाले. "इसमें गैस का क्या क़सूर?"

सगळा घोळ मला तिथे उभ्या उभ्या कळला. रेडिएटरच्या पुढे एसीचा कंडेन्सर असतो. काँप्रेसरकडून आलेला तापलेला गॅस तिथे थंड होऊन द्रव होतो. गाडी पळत असली की जाळीतून वारा आपोआप घुसतो, पंख्याची गरजच पडत नाही. गाडी उभी राहिली की सगळी भिस्त पंख्यावर. तो फिरला नाही तर प्रेशर वाढत जातं, शेवटी प्रेशर स्विच काँप्रेसर बंद करतो, आणि आपण म्हणतो गॅस संपला. माझ्या मोटरचे कार्बन, म्हणजे आत फिरत्या भागाला करंट पोचवणारे तुकडे, झिजलेले, म्हणून ती आधी कधी फिरायची, कधी रुसायची. त्यात जादा गॅस. शेवटी तिने मान टाकली, आणि एसीबरोबर इंजिनही तापलं.

तरी उस्तादांनी मोटरला थेट बॅटरीची वायर लावून खात्री केलीच. करंट मिळूनही मोटर हलली नाही, म्हणजे दोष तिचाच. फिरली असती तर फ्यूज, रिले (म्हणजे करंट चालू-बंद करणारा छोटा स्विच), वायरिंग, सेन्सर असा शोध घ्यावा लागला असता. एकपर्यंत हे सगळं झालं, मग गॅरेजचं शटर खाली. चारपर्यंत जेवण, नमाज, झोप. त्या वेळात मी जुन्या स्पेअर पार्टच्या गल्लीतून जोडी पंखे घेऊन आलो, तीन दिवसांच्या 'चेकिंग वॉरंटी'सकट. संध्याकाळी उस्तादांनी पंखे बसवले, जादा गॅस काढून मापात केला, आणि कंडेन्सरच्या पत्र्यांत अडकलेली वाळू मागून पाणी मारून धुतली. निघालेलं पाणी चहाच्या रंगाचं होतं. मी कूलंटच्या टाकीत नळाचं पाणी घालत आलो होतो, त्यावर ते काहीच बोलले नाहीत, फक्त माझ्याकडे बघितलं.

तर भावाला म्हटलं, बॉनेट उघड, एसी लाव, पंखा बघ, हात लांब ठेव, आणि व्हिडिओ पाठव. व्हिडिओत पंखा ढिम्म. फ्यूज शाबूत. मग म्हटलं, गाडी बंद कर आणि फ्यूज बॉक्समध्ये पंख्याच्या रिलेसारखाच दुसरा रिले दिसतोय का बघ, त्यांची अदलाबदल कर. दहा मिनिटांनी दुसरा व्हिडिओ: पंखा गरगर फिरतोय, मागून मावशीचा आवाज, "झाला का रे गार?"

एसी झकास आहे म्हणतो. फक्त नवा रिले मिळेपर्यंत नागपुरात बिनहॉर्नची गाडी चालवतोय.