आवणीतली अर्धी बाई

"आवणी कधी आहे मावशी?" असं मी फोनवर विचारलं. पलीकडे थोडा वेळ नुसती कोंबड्यांची कलकल ऐकू आली. मग उत्तर आलं, "पाऊस लागला की."

आवणी म्हणजे भाताच्या रोपांची लावणी. आता बँकेत रजेच्या अर्जावर 'पाऊस लागला की' असं लिहिता येत नाही. मी जुलैचे दोन आठवडे साहेबांकडून तोंडी मोकळे करून घेतले आणि रोज संध्याकाळी ऑफिसातल्या एका सहकाऱ्याच्या मागे लागले. गाव त्याचं. अकोले तालुक्याच्या पश्चिम अंगाला, राजूरच्याही पलीकडे. गावाचं नाव मी लिहिणार नाही, त्याची तेवढी एकच अट होती.

त्या अटीचं कारण काजवे. मेअखेरीपासून मिरगाचा पाऊस स्थिरावेपर्यंत भंडारदऱ्याच्या आसपास हिरडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर काजवे लगडतात आणि ते पाहायला पुण्यामुंबईच्या गाड्यांची रांग लागते. हेडलाइट लावून, गाणी लावून. नेमक्या त्याच दिवसांत तिथल्या विहिरी तळाला गेलेल्या असतात. पावसाळ्यात घाटघरला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणायचं (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालं, पण जिभेवर अजून नगरच येतं) आणि मे महिन्यात त्याच डोंगरातल्या बायांनी हंड्यासाठी पायपीट करायची, असा तो प्रकार. पाणी पडतं अफाट आणि उतारावरून खाली निघून जातं. "मे महिन्यात आली असतीस, तर आंघोळीला पाणी दिलं नसतं," हे मावशींनी मला नंतर हसत सांगितलं, पण ती थट्टा नव्हती.

निघण्याआधी सहकाऱ्याने थोड्या सूचना दिल्या. जुने कपडे वाटायला आणू नकोस. पोरांना चॉकलेटं देऊ नकोस, गाडी दिसली की हात पुढे करायची सवय लागते. पैशांचं घरात कुणी तोंडाने सांगणार नाही, दोन रात्रींचे जेवणखाण धरून मी सांगतो तेवढे दे, आणि म्हातारीच्या हातात नको, वहिनीच्या हातात दे, कारण किराणा ती भरते. आणि मावशी 'बस' म्हणाली की बस. ही शेवटची सूचना मला तेव्हा उगाच वाटली.

डोंबिवलीहून कसारा लोकल, तिथून घोटीपर्यंत काळीपिवळी, मग बारीवरून राजूरला जाणारी एसटी. बारीला उजवीकडे कळसूबाई दिसते म्हणतात. १६४६ मीटरचा, महाराष्ट्रातला सगळ्यात उंच डोंगर, पण मला फक्त पांढरं ढगाळ काहीतरी दिसलं. पुढे जीप, आणि शेवटचा टप्पा चालत.

घर कुडाचं, कारवीच्या काड्यांवर शेणमातीचा लेप. एका बाजूला गोठा, मध्ये फक्त अर्धी भिंत. त्यात दोन डांगी बैल, पांढऱ्यावर काळे ठिपके. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला तर तळहात तेलकट झाला. मावशींचा मुलगा म्हणाला, "त्यांचं अंगच तसं. तेल सुटतं, म्हणून पावसात टिकतात. तुमच्याकडची जर्सी इथं एका आवणीत बसेल." अर्धी भिंत कशासाठी हे मला रात्री कळलं. बैलांनी श्वास सोडला की घर ऊबदार होतं, आणि बैल अस्वस्थ झाले की माणसाला जाग येते.

दुसऱ्या दिवशी सहाला वावरात. भातशेतीबद्दल मी बरंच वाचून गेले होते, तरी राब म्हणजे काय ते तिथे पाहिल्याशिवाय समजलं नसतं. उन्हाळ्यात एका तुकड्यावर शेण, पालापाचोळा, काटक्या पसरून वर मातीचा थर देऊन जाळतात, म्हणजे तणाचं बी मरतं आणि जमीन भुसभुशीत होते. पहिल्या पावसात तिथे भात फेकतात. तीन-चार आठवड्यांनी रोप वीतभर झालं की उपटायचं, मुळाची माती पायावर आपटून झटकायची, मूठ बांधायची. तोवर बैल खाचरात चिखलणी करतात. सगळं एकाच आठवड्यात उरकावं लागतं. म्हणून एकट्या घराने आवणी होत नाही, सावड लागते. आज आमच्याकडे सात जणी, उद्या त्यांच्याकडे आपण. रोजंदारी नाही, पैसे नाहीत, पण हिशोब काटेकोर. कोण किती दिवस आली हे कुठे लिहिलेलं नसतं आणि कुणी विसरतही नाही.

माझ्या डोक्यावर वहिनींनी प्लास्टिकची खोळ बांधली. म्हातारे सासरे मात्र इरलं घेऊन आले होते, बांबूच्या कामट्या आणि पानांचं, पाठीवर कासवासारखं. मी म्हटलं, "बाबा, हे किती सुंदर आहे." ते म्हणाले, "जड हाय."

रोप लावायला मला मावशींनी शिकवलं. दोन-तीन काड्या घ्यायच्या, अंगठा आणि दोन बोटांत मुळाजवळ धरायच्या, चिखलात सरळ खाली दाबायच्या, बोटं हळूच सोडायची. मूळ वर दुमडलं तर रोप उभं दिसतं, पण दोन दिवसांत तरंगतं. आणि मागे मागे सरकायचं. आपलं पाऊल जिथे होतं त्या खळग्यात लावायचं नाही, तिथे मुळाला धरायला मातीच नसते. ऐकताना सोपं होतं. त्या सातजणींचे हात शिवणयंत्रासारखे चालले होते आणि गप्पाही. माझी एक काडी लागेपर्यंत त्यांची ओळ पुढे, म्हणजे मागे, गेलेली. कंबर तर पहिल्या पंधरा मिनिटांतच बोलायला लागली.

तासाभराने मी मान वर करून पाहिलं. माझ्या ओळीत एक पोरगी, बारावीला असेल, माझी रोपं काढून परत लावत होती. न बोलता. मी पाहिलं तशी ती ओशाळली. "नाय ताई, थोडी वर आली व्हती फक्त." म्हणजे माझ्यामुळे एका माणसाचं काम दोनदा होत होतं. मावशी म्हणाल्या, "तुमी बांधावर बसा जरा." आणि मला ती सूचना आठवली. मी बसले.

बांधावर बसून माणूस काय करतो? मोबाइल काढतो. मीही काढला. पाऊस, हिरवा रंग, ओणवलेल्या बाया. दोन फोटो काढले. संध्याकाळी चुलीपाशी ते पाहताना दिसलं की पहिल्या फोटोत सगळ्यांची लुगडी गुडघ्याच्या वर खोचलेली आहेत, कामात खोचावीच लागतात. दुसऱ्यात त्यातल्या चौघींनी हात थांबवून लुगडं खाली ओढलंय. चिखलात भिजलेलं, पिंढऱ्यांना चिकटलेलं. एकही शब्द बोलल्या नव्हत्या. माझ्या फोटोसाठी त्यांनी दोन मिनिटं काम सोडलं होतं, आणि पुढचा तासभर ओल्या कापडात वावरल्या होत्या. मी दोन्ही फोटो पुसले आणि वहिनींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "काढायचाच असंल तर उद्या सकाळी काढा." सकाळी मावशी केस विंचरून, सणाचं लुगडं नेसून दारात उभ्या होत्या, पाठीमागे कणगी दिसेल अशा. हसल्या नाहीत, सरळ लेन्समध्ये बघितलं. तो फोटो मी त्यांना छापून पाठवला. माझ्या फोनमध्येही तोच एक आहे.

पण मी सांगता सांगता पुढे गेले. त्या पहिल्याच दुपारी बांधावर भाकरी आली. नागलीची, सोबत कर्टुल्याची भाजी आणि मिरचीचा ठेचा. जेवता जेवता शेजारच्या वावरातल्या एका आजोबांनी मावशींना विचारलं, "ही बाई कोनाच्या सावडीतली?"

"आमची."

"पुरी धरायची का?"

मावशींनी माझ्याकडे नीट पाहिलं, वरपासून खालपर्यंत, बाजारात गोऱ्हा बघतात तसं. "अर्धी धरा."

सगळ्या बांधावर हशा पिकला. मीही हसले. त्यातला व्यवहार मला रात्री झोपताना उमगला. अर्धी धरली म्हणजे त्या घराच्या नावावर अर्धा दिवस चढला, आणि तो उद्या आजोबांच्या वावरात कुणीतरी फेडायचा. म्हणजे मीच.

तेव्हा दुसऱ्या दिवशी मी आजोबांकडे गेले, आणि या खेपेला आधीच विचारलं की मला रोप लावू न देता दुसरं काय जमेल. त्यांनी मला मुठी टाकायला लावलं. राबातून रोपाच्या मुठी टोपलीत भरून आणायच्या आणि चिखलात अंतरा-अंतरावर फेकायच्या, लावणाऱ्या बाईचा हात रिकामा होण्याआधी तिच्या मागे मूठ पडली पाहिजे. फार जवळ पडली तर अंगावर चिखल उडतो, लांब पडली तर तिला उठावं लागतं. हे मला जमलं. खूप चांगलं नाही, पण जमलं. दुपारपर्यंत मला कुणी 'बसा' म्हणालं नाही.

आजोबांच्या नातवाने एका खाचरात चारसूत्री पद्धत घेतली होती. खुणा केलेली दोरी ताणून एकदा पंधरा, एकदा पंचवीस सेंटीमीटर अशा अंतराने चूड, म्हणजे दोन-तीन रोपांचे झुपके, लावायचे आणि चार चुडांच्या मध्ये खताची एक गोळी खोचायची. बियाणं कमी लागतं, खत वाहून जात नाही. बायांना ती दोरी आवडत नव्हती, हात अडकतो म्हणून. आजोबा म्हणाले, त्याचं त्याला करू द्या, कापणीला बघू. मी कोणाच्या बाजूने काही बोलले नाही. खरं तर बोलायची सुरसुरी आली होती, मला दोन लेख माहीत होते.

शहराजवळच्या कृषी पर्यटन केंद्रांवर मी गेलेय. हुरडा, बैलगाडीची फेरी, मागे पोहण्याचा तलाव. वाईट काही नाही त्यात, पोरं खूश होतात. महाराष्ट्राने २०२० मध्ये त्यासाठी धोरणही केलंय, शेतकऱ्याला चार पैसे मिळतात. पण तिथे यजमानाचं कामच पाहुणा असतो. इथे यजमानाला दुसरं काम होतं, आणि मी त्यात आलेली एक जास्तीची ताटली होते. जेवण झाल्यावर ती ताटली मी दोन्ही रात्री स्वतः घासली. पहिल्या रात्री वहिनींनी अडवलं, दुसऱ्या रात्री राख पुढे सरकवली.

निघताना पैसे वहिनींना दिले. त्यांनी मोजले, माझ्यासमोर, आणि कनवटीला लावले. मला ते फार बरं वाटलं. मावशींनी माझ्या गुडघ्यावरचा वाळलेला चिखल नखाने खरवडून पाहिला आणि म्हणाल्या, "हा जाईल लवकर."

हिवाळ्यात सहकारी राजूरच्या डांगी जनावरांच्या प्रदर्शनाला गेला होता, तिथून घरी जाऊन आला. माझ्यासाठी कापडी पिशवीत पाच पायल्या तांदूळ. मी हरखले, म्हटलं, अगं बाई, मावशींनी पाठवला? तो म्हणाला, हो, आणि निरोप आहे. तुमच्या ओळीतला नाही, तो पाखरांनी खाल्ला. पिशवीच्या तोंडाशी शाळेच्या वहीचा कागद बांधला होता. त्यावर पेन्सिलीने भाव लिहिला होता, पाच पायल्यांचा वेगळा, पिशवीचा वेगळा. पिशवी परत पाठवली तर दहा रुपये वजा.

पिशवी मी परत पाठवली.