जाड जॅकेट ऊबदार असतंच असं नाही

थंड देशात कामाला निघताना प्रत्येक जण बजावतो, ‘सगळ्यात जाड जॅकेट घे.’ एका जागी उभं राहून पहारा करायचा असेल तर सल्ला बरोबर आहे. पण ओझी उचलायची, फावडं मारायचं असेल तर तेच जॅकेट घात करतं. घामाने अस्तर भिजतं आणि हात थांबले की हुडहुडी भरते. पाणी हवेच्या साधारण २५ पट वेगाने उष्णता ओढून नेतं; ओल्या बनियनवर कितीही जाड काही चढवा. इथले लोक उणे ५ अंशांत चेन उघडी ठेवून राबतात, ते काही शौर्य नव्हे आणि आपण कुडकुडतो तो कच्चेपणा नव्हे. त्यांनी आत काय घातलंय ते बघा.

अंगालगत सुती बनियन नकोच, ते घाम धरून ठेवतं. मेरिनो लोकर किंवा पॉलिस्टर घ्या. त्यावर फ्लीस (लोकरीसारखं मऊ कृत्रिम कापड) आणि बाहेर वारा अडवणारं जॅकेट. वाऱ्याला कमी लेखू नका: उणे १० अंशांत ताशी ३० किलोमीटरचा वारा असला की उघड्या कातडीला उणे २० च्या आसपास जाणवतं.

लेबल वाचायची सवय मात्र इथल्यांकडून घ्यावी. युरोपीय मानकांत ईएन ३४२ हे उणे ५ आणि त्याखालच्या थंडीसाठी, ईएन १४०५८ त्याहून सौम्य थंडीसाठी, तर ईएन ३४३ पावसासाठी. ३४२ मधला ऊब दाखवणारा आकडा जॅकेट-पँटच्या पूर्ण जोडीवर, पुतळ्याला घालून मोजतात. नुसतं जॅकेट घेऊन तेवढी ऊब मागू नये. रस्त्यावर काम असेल तर ईएन आयएसओ २०४७१ बघा. त्यात ३ हा सर्वांत ठळक दिसणारा वर्ग.

पिसांचं जॅकेट हलकं आणि ऊबदार, पण भिजलं की पिसं चिकटून बसतात, मधली हवा जाते आणि ऊबही. ओल्या कामाला कृत्रिम भरण बरं.

दुकानात आरशासमोर नुसते उभे राहू नका. आत फ्लीस घालून दोन्ही हात वर करा, मग वाका. कंबर उघडी पडली तर जॅकेट आखूड आहे. हातमोजे घालूनच चेन ओढून बघा. ओढायला दोरी नसेल तर थंडीत दर वेळी मोजा काढावा लागेल. खालूनही उघडणारी दुहेरी चेन आणि काखेतली चेन, या दोन गोष्टींसाठी रंग, खिसे, ब्रँड सगळं सोडून द्यावं. घाम यायच्या आधीच उघडायच्या त्या. आल्यावर उपयोग नाही. जॅकेटची टोपी हेल्मेटवर बसते का तेही बघा, आणि फिरत्या यंत्राजवळ काम असेल तर ती ओढताच सुटणारी हवी. वेल्डिंगच्या ठिणग्यांपुढे साधं नायलॉन वितळतं, तिथे हे जॅकेट चालतच नाही.

धुताना फॅब्रिक सॉफ्टनर टाकू नका, कापडाचा श्वास कोंडतो. बाहेरून पाण्याचे थेंब घरंगळेनासे झाले की लेबलवर परवानगी असेल तर ड्रायरमध्ये मंद आचेवर फिरवा. तेवढ्याने भागलं नाही तर पाणीरोधक फवारा आणा, नवं जॅकेट नको.