तुम्ही विचारलंत म्हणून : ‘निघतो’ जपानीत कसं म्हणायचं?

जपानी शिकायला लागलेले हे हमखास विचारतात. एका शब्दात उत्तर नाही; कुठून निघताय आणि कोणाला सांगताय, ते आधी बघावं लागतं.

घरातून निघताना ‘इत्तेकिमास’. ‘इत्ते’ म्हणजे जाऊन, ‘किमास’ म्हणजे येतो. आपल्याकडेही ‘जातो’ म्हटलं की आजी ‘येतो म्हण’ करून दटावते, त्यामुळे हे मराठी माणसाला समजावावं लागत नाही. मागून उत्तर येतं ‘इत्तेराश्शाइ’, म्हणजे जाऊन ये. इथे ‘सायोनारा’ नको, त्यात ताटातुटीचा सूर आहे.

पण हीच मराठी लगेच दगाही देते. कोणी हाक मारली की आपण ‘आलो, आलो’ म्हणतो. जपानीत बोलणारा आपली जागा सोडून दुसऱ्याकडे चाललाय, म्हणून ‘इमा इकिमास’, शब्दशः ‘आत्ता जातो’. तिथे ‘किमास’ म्हटलंत तर ऐकणाऱ्याला वाटेल, तिसरंच कोणी येतंय.

आता क्रियापदं. ‘देरु’ म्हणजे एखाद्या जागेतून बाहेर पडणं. ‘देकाकेरु’ म्हणजे काही कामाने, हिंडायला घराबाहेर जाणं. ‘काइमोनो नि देकाकेरु’, खरेदीला जाणं. नुसतं गॅलरीत जायला ते चालत नाही. रूपं सोपी, ‘रु’ काढून ‘मास’ लावायचं: देमास, देकाकेमास. ‘काएरु’, म्हणजे आपल्या ठिकाणी परतणं, हे मात्र फसवं. तोच साचा लावून ‘काएमास’ केलंत तर अर्थ होतो ‘बदलतो’. बरोबर रूप ‘काएरिमास’, आणि ‘परतून’ म्हणायला ‘काएत्ते’.

सगळ्यात जास्त चुका प्रत्ययात होतात. ‘घरातून’ डोक्यात असतं म्हणून सगळे ‘कारा’, म्हणजे आपला ‘-तून’, लावतात. पण रोजच्या घरातून निघण्याला ‘उचि ओ देरु’ म्हणतात. हा ‘ओ’ कर्माचा नव्हे, सोडलेल्या जागेचा. बसमधून उतरतानाही तोच, ‘बासु ओ ओरिरु’. ‘दाइगाकु ओ देता’ म्हणजे विद्यापीठातून पदवी घेतली असाही अर्थ होतो. ‘दाइगाकु कारा देता’ म्हणजे नुसतं आवाराबाहेर पडलो. धुराड्यातून धूर निघतो तिथे मात्र ‘कारा’च हवा, कारण धूर काही मनाने निघत नाही.

ऑफिसातून आधी निघणारा ‘ओसाकि नि शित्सुरेइ शिमास’ म्हणतो, तुमच्या आधी निघतोय, माफ करा. मागे राहिलेले ‘ओत्सुकारेसामा देशिता’ म्हणतात, म्हणजे दमलात, खूप काम केलंत. साहेबाला ‘गोकुरोसामा’ म्हणू नका. ती वरच्याने खालच्याला दिलेली शाबासकी आहे.

आणि ‘ताइशा’ जपून. त्याचा अर्थ ऑफिसातून घरी जाणं, तसाच नोकरी सोडणंही. बाहेरच्या माणसाने फोनवर तुमच्या ऑफिसातल्या तानाकांची चौकशी केली आणि तुम्ही ‘ताइशा इताशिमाशिता’ म्हणालात, तर त्याला वाटायचं तानाकांनी राजीनामा दिला. ‘तानाका वा किताकु इताशिमाशिता’ म्हणा, घरी गेले. आपल्याच कंपनीतला माणूस, म्हणून बाहेरच्यांसमोर त्याच्या नावाला ‘सान’ लावायचं नाही, मग तो तुमचा साहेब का असेना.