कमळ बस्तीतलं कमळ आमच्या भिंतीवर

बेळगावच्या किल्ल्यातली कमळ बस्ती, म्हणजे जैन मंदिर, १२०४ सालची. रट्ट राजा चौथा कार्तवीर्य याचा मंत्री बीचिराज याने ती बांधली. मंडपात उभं राहून मान वर केली की छतातून खाली उमललेलं दगडी कमळ दिसतं. तेच कमळ हातभर रुंदीचं, पीओपीत करून हॉलमध्ये लावायचं मी ठरवलं.

सांचीच्या स्तूपाच्या पूर्व तोरणाची, म्हणजे दगडी प्रवेशद्वाराची, प्लास्टर प्रतिकृती १८६९-७० मध्ये थेट दगडावरून साचे घेऊन केली होती. आता तसं चालत नाही. बस्ती संरक्षित वास्तू आहे, आणि आठशे वर्षांच्या दगडाला रबर किंवा माती चिकटवूही नये. म्हणून फोटो काढले, वहीत पाकळ्या उतरवल्या आणि शाडूत कमळ घडवायला घेतलं. फोटोत आकार मिळतो, खोली मिळत नाही. ती पाहायला पुन्हा पुन्हा बस्तीत गेलो. सकाळी दारातून येणारा उजेड खालून वर चढतो, तेव्हा कुठली पाकळी किती पुढे आली आहे ते नेमकं कळतं. माझ्या मते कारागिराचं खरं कसब रेषेत नाही, त्या खोलीत आहे.

पाकळ्यांच्या कडा आत वळलेल्या, त्यामुळे पीओपीचा कडक साचा सुटला नसता. आमच्या गल्लीतल्या मूर्तिकार काकांनी सिलिकॉन रबर लावायला सांगितलं. शाडूवर पातळ थर देत गेलो, वरून आधाराला पीओपीचं कवच केलं. रबर सालीसारखं सोलून निघतं.

ओतायच्या वेळी काका शेजारीच उभे होते. "पावडरीत पाणी ओतू नको बघ, पाण्यात पावडर सोड. भिजू दे, मग ढवळ." जोरात ढवळलं की हवेचे बुडबुडे धरतात आणि नेमकी पाकळीची टोकं खड्ड्याखड्ड्यांची होतात. आधी पातळ मिश्रण ब्रशने कोपऱ्यांत भरलं, मग उरलेलं ओतून पाठीमागे काथ्या दाबला. थोड्याच वेळात साचा हाताला गरम लागू लागला. जिप्सम भाजून पाणी उडवलं की पीओपी होतं. तेच पाणी परत घेताना ते ऊब सोडतं आणि घट्ट होतं.

सुकायला घाई केली नाही. वरून थंडगार लागतंय तोवर आत ओल असते. पूर्ण वाळल्यावर दगडासारखा राखाडी रंग अगदी पातळ करून दिला, खाचांत जरा गडद.

ट्यूबलाइटच्या समोर कमळ सपाट दिसतं. खिडकीच्या बाजूच्या भिंतीवर, आडव्या उजेडात लावलं तेव्हा पाकळ्या उठून आल्या. फक्त पावसाची झड लागणारी भिंत टाळा. बेळगावचा पावसाळा लांबतो आणि प्लास्टर भिंतीतली ओल ओढून घेतं.