स्लीपरचा बाक आणि मधु दंडवते

आज कुडाळहून रत्नागिरीला येताना समोरच्या आजोबांनी स्लीपरच्या बाकावर थाप मारून "ही गादी दंडवत्यांची हा!" असे सांगितले. १९७१ पासून सलग पाच वेळा राजापूरमधून लोकसभेत गेलेल्या मधु दंडवते यांनी रेल्वेमंत्री असताना दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर दोन इंच फोम बसवण्याचा निर्णय घेतला. कोट्यवधींच्या पाठीला आराम देणारे असे निर्णय मला मोठमोठ्या घोषणांपेक्षा अधिक मोलाचे वाटतात. १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले, तेव्हा रेल्वेखाते जॉर्ज फर्नांडिस यांच्याकडे आणि अर्थखाते दंडवत्यांकडे होते. (असा योग आपल्या वाट्याला एरवी कुठला!) तरीही १९९१ मध्ये याच मतदारसंघाने त्यांना पराभूत केले, आणि १९९८ मध्ये संपूर्ण मार्ग खुला झाला तेव्हा ते खासदार नव्हते.