सोलापूरच्या गच्चीवर दोन ढगाळ ग्लास

मे महिन्यात सोलापूरला निघालो म्हटलं की लोक हात जोडतात. मी पहाटेच पुणे सोडलं. गाडीत थर्माकोलच्या पेटीत बिअरच्या चार बाटल्या, खिशात पिण्याचा परवाना. भिगवणजवळ उजनीचं पाणी दिसलं, मग टेंभुर्णी, मोहोळ, आणि मामेभावाचं घर.

संध्याकाळी दादाने गच्चीवर पाणी मारलं. बर्फगार बिअरला वासच येत नाही, म्हणून बाटल्या थोडा वेळ बाहेर ठेवायच्या असतात. सोलापुरात पाच मिनिटं पुरली.

पहिल्या दोन्ही बाटल्या गव्हाच्या: जर्मन हेफेवायझेन आणि बेल्जियन विटबिअर. दोन्ही न गाळलेल्या, म्हणून ढगाळ. दोन्हींवर जाड फेस. शेजारी ठेवल्यावर मात्र फरक दिसला. विट फिकट, ताकाच्या निवळीत हळदीचं बोट बुडवावं तशी. हेफेचा रंग गडद सोनेरी.

वहिनी पीत नाहीत, पण घरचा येसर त्याच भाजतात. त्यांनी विटचा ग्लास नाकाशी नेला. "धने. आणि संत्र्याची साल." अगदी बरोबर! विटमध्ये दोन्ही खरंच घालतात. बेल्जियममधल्या होगार्डन गावातून ही बिअर नाहीशी झाली होती. पिअर सेलिस या दूधवाल्याने ती १९६६ मध्ये पुन्हा सुरू केली.

मग हेफे. "पिकलं केळं. भावजी, लवंगा किती घातल्यात ह्यात?"

एकही नाही. बव्हेरियात १५१६ च्या कायद्याने बिअरला जव, हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) आणि पाणी एवढंच मान्य केलं. गव्हाला पुढे सवलत मिळाली, पण हेफेत मसाला घालत नाहीत. केळ्याचा आणि लवंगेचा वास यीस्टच तयार करतं. वहिनींनी पुन्हा हुंगून पाहिलं. मसाला न घालता मसाल्याचा वास, हे त्यांना पटेना. मला तर दर वेळी ही जादूच वाटते. ही खूण धरली की या दोघींत गफलत होत नाही: विटमध्ये धन्याचा आणि सालीचा ताजेपणा, हेफेत केळं-लवंग.

शेंगाचटणीची वाटी मी आधीच दूर सरकवली होती. तिचा लसूण आणि तिखट जिभेवर बसले की पुढचं काही कळत नाही. घोटांच्या मध्ये ज्वारीची कडक भाकरी, नुसती, एक तुकडा. जीभ कोरी करायला याहून चांगलं काही मला सापडलेलं नाही.

उरलेल्या दोन बाटल्या गडद बिअरच्या: पोर्टर आणि स्टाउट. हे खरं अवघड प्रकरण. मुळात लंडनमध्ये कडक पोर्टरलाच स्टाउट म्हणत, त्यामुळे सीमा आजही पुसट. साधारणपणे पोर्टर मऊ, कोकोसारखी. उजेडासमोर धरली तर कडेला लालसर झाक. स्टाउटमध्ये बहुधा मोड न आणलेले भाजके जव असतात, म्हणून कडू कॉफीचा चटका. दादा म्हणाला, "हिला करपल्या भाकरीचा वास हाय की!" ती स्टाउट होती.

मी त्याला पाठ फिरवायला लावून ग्लास अदलाबदल केले. दोनदा त्याने बरोबर ओळखलं. तिसऱ्यांदा चुकला, आणि चौथ्यांदा मी.